मानसोपचाराच्या प्रशिक्षणात कोण टिकते, आणि टिकण्यासाठी काय दडवते?

पिंपळपार

मी चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ आहे आणि बरीच वर्षे प्रशिक्षणार्थींच्या कामाचे पर्यवेक्षण करत आलो आहे. एम.डी. मनोविकारशास्त्र करणारे निवासी डॉक्टर, चिकित्सालयीन मानसशास्त्राचे विद्यार्थी, मनोविकार क्षेत्रातील समाजकार्य शिकणारे आणि समुपदेशनाची पदविका करणारे, अशा चारही वाटांनी आलेल्या मुलामुलींशी माझा संबंध येतो. या वाटांवर कोणत्या घरांतली माणसे पोचतात, पोचल्यावर टिकतात का, आणि टिकण्यासाठी स्वतःविषयीचे काय काय लपवून ठेवतात, यावर येथे सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम १८ नुसार लिंग, लैंगिक कल, धर्म, संस्कृती, जात, सामाजिक वा राजकीय मते, वर्ग किंवा अपंगत्व यांवरून कोणालाही उपचारात वेगळी वागणूक देता येत नाही. कलम ३१ मध्ये असेही म्हटले आहे की लोकसंख्येच्या प्रमाणात किती तज्ज्ञ असावेत याचा जो आंतरराष्ट्रीय दंडक आहे, तो कायदा लागू झाल्यापासून दहा वर्षांत, म्हणजे २०२८ पर्यंत, गाठण्याचा प्रयत्न सरकारने करावा. किती माणसे हवीत याचा विचार झाला, पण ती कोठून यावीत याचा झाला नाही. रुग्णाशी भेदभाव करू नका असे ज्यांना बजावले आहे, त्यांना त्यांच्याच प्रशिक्षणात कसे वागवले जाते याविषयी कायद्यात काही नाही.

सरकारी जागांवर आरक्षण आहे आणि ते असलेच पाहिजे. माझे म्हणणे त्यापुढचे आहे. शस्त्रक्रिया किंवा अस्थिरोग शिकणाऱ्या मुलाला त्याचे घर, बालपण, लग्न, श्रद्धा यांविषयी कोणी विचारत नाही. आमच्या क्षेत्रात मात्र या गोष्टी अभ्यासाचाच भाग असतात. ‘रुग्ण रडायला लागला तेव्हा तुला काय वाटले’, ‘या बाईंचा तुला राग का आला’, ‘तुझ्या घरी असे काही घडले होते का’, हे प्रश्न पर्यवेक्षणात, म्हणजे केसविषयी वरिष्ठाशी होणाऱ्या बोलण्यात, विचारावेच लागतात, कारण त्याशिवाय उपचार करणारा तयार होत नाही. अडचण अशी की हे सगळे ऐकून घेणारी व्यक्ती तीच असते जी पुढे गुण देते, प्रबंधावर सही करते आणि शिफारसपत्र लिहिते. ज्याच्या आयुष्यात लपवण्यासारखे फारसे काही नाही, त्याला हे उघडे होणे सोपे जाते. ज्याला आपली जात, आपला धर्म, आपला लैंगिक कल, आपले जुने आजारपण किंवा घरची गरिबी यांचा पुढे आपल्याविरुद्ध वापर होईल अशी भीती आहे, तो तोलूनमापून बोलतो, आणि मग त्याच्या अहवालात ‘पुरेसा मोकळा होत नाही’ असा शेरा पडतो. समावेशनाची चर्चा प्रवेशाच्या टक्केवारीवर थांबते, म्हणून हा मुद्दा कधी निघत नाही. आपले अनुभव आणि मतभेद दोन्ही लिहावेत.

सातपुडा

मी नंदुरबार जिल्ह्यातला आहे, घरची भाषा पावरी, आणि सध्या मनोविकारशास्त्रात निवासी डॉक्टर आहे. धागाकर्त्यांनी मांडलेला मुद्दा पटला, पण माझ्या बाबतीत पर्यवेक्षणाच्या खोलीपर्यंत पोचण्याच्या आधीच बरेच काही घडते, म्हणून तेथून सुरुवात करतो.

आमच्या रुग्णालयात सातपुड्यातून रुग्ण आले की कोणत्याही वॉर्डातून मला बोलावणे येते. मी दुभाष्याचे काम करतो. नातेवाईक काय म्हणतात ते मराठीत सांगतो, डॉक्टर काय म्हणतात ते पावरीत सांगतो. या कामाची नोंद माझ्या लॉगबुकमध्ये, म्हणजे प्रशिक्षणातल्या कामाच्या नोंदवहीत, होत नाही, कारण तेथे तसा रकाना नाही. त्या वेळात माझे सहकारी केस पूर्ण करतात आणि मी मागे पडतो. अंगात येणे, बाहेरची बाधा, भगताकडे जाऊन आल्यावर वाटलेला आराम, यांविषयी रुग्ण बोलू लागला की मला ‘नेमके काय म्हणतो ते सांग’ एवढेच विचारतात. ‘तुझे निदान काय’ असे विचारत नाहीत. भाषा येते म्हणून मी हवा असतो आणि मत मात्र इतरांचे चालते.

चाचण्यांचेही सांगतो. मुलांच्या बुद्धिमापनासाठी आपल्याकडे अजूनही बिने-कामत चाचणी आणि मॅलिन यांची चाचणी वापरतात. कामतांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बिनेची चाचणी बसवली, आणि मॅलिन यांनी नागपुरात राहून भारतीय मुलांसाठी आपली चाचणी १९६९ मध्ये तयार केली. आपल्या मुलांना परकी मोजपट्टी लावू नये, हाच त्या दोघांचा हेतू होता. तीच चाचणी आज पावरी किंवा कोरकू बोलणाऱ्या मुलाला मराठीतून देतात आणि आलेल्या आकड्यावर प्रमाणपत्र ठरते. या मुलाला प्रश्नच कळला नाही हे सांगू शकणारा प्रशिक्षणार्थी खोलीत असावा लागतो, आणि ते सांगण्याची त्याची हिंमतही व्हावी लागते.

रोखठोक

मी या क्षेत्रातला नाही, रुग्णाचा नातेवाईक म्हणून लिहितो. माझ्या भावाचे उपचार अनेक वर्षे चालू आहेत. जीव टांगणीला लागलेला असताना समोरचा डॉक्टर कोणत्या समाजाचा, कोणत्या जिल्ह्याचा, हे आम्ही पाहिले नाही, त्याला त्याचे काम येते का एवढेच पाहिले. आपण उद्या प्रत्येक जातीला आपापला मानसोपचारतज्ज्ञ, प्रत्येक धर्माला आपापला समुपदेशक, अशी विभागणी करणार आहोत का? चांगले प्रशिक्षण दिले तर कोणीही कोणालाही बरे करू शकले पाहिजे. गुणवत्ता हा निकष सोडला तर शेवटी भोगावे लागते ते रुग्णाला.

पिंपळपार

रोखठोक, आपण रुग्णाच्या बाजूने बोलत आहात आणि तो आवाज या चर्चेत हवाच. रुग्णाच्या जातीचाच डॉक्टर असावा असे मी म्हणत नाही. ठाण्याच्या किंवा येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या ओपीडीत त्या दिवशी ज्याची ड्युटी असेल तो भेटतो, आणि तसेच असायला हवे. पण आपल्या भावाला जो डॉक्टर भेटला, तो कोणाच्या संगतीत शिकला याचा परिणाम उपचारावर होतो. केस कॉन्फरन्समध्ये बसलेल्या सगळ्यांची घरे सारखी असतील तर ‘ही बाई सासरी परत का जात नाही’ किंवा ‘हा मुलगा नोकरीच्या मुलाखतीला का घाबरतो’ या प्रश्नांना सगळ्यांना एकसारखीच उत्तरे सुचतात. वेगळ्या घरातून आलेला एक सहकारी तेथे असला आणि त्याला मध्येच थांबवून बोलता आले, तर निदान बदलू शकते. असे घडताना मी पाहिले आहे.

गुणवत्तेविषयी एवढेच सांगतो की एम.डी.च्या प्रवेशासाठी नीट-पीजीमध्ये २०० बहुपर्यायी प्रश्न असतात. त्यातून औषधशास्त्र येते की नाही हे कळते. समोरच्याचे ऐकून घेता येते का, हे त्या परीक्षेतून कळत नाही, आणि तसा दावा परीक्षा घेणारेही करत नाहीत.

वैनगंगा

मी नागपूरकडची, मनोविकार क्षेत्रातील समाजकार्यकर्ती. पैशाची बाजू कोणी मांडली नाही, ती मांडते.

केंद्र सरकारच्या संस्थांमध्ये, म्हणजे बंगळुरूचे निम्हान्स, रांचीची केंद्रीय मनोविकार संस्था अशा ठिकाणी, प्रशिक्षणार्थींना विद्यावेतन मिळते. तेथील जागा थोड्या आणि स्पर्धा देशभरातली. उरलेले विद्यार्थी खासगी विद्यापीठांकडे वळतात, जेथे विद्यावेतन तर नसतेच, उलट शुल्क लाखांत असते. अभ्यासक्रम पूर्णवेळ असल्याने सोबत नोकरीही करता येत नाही. समुपदेशनाच्या वाटेवर चित्र आणखी बिकट आहे, कारण तेथे बिनपगारी इंटर्नशिपचे तास भरावे लागतात, पर्यवेक्षणाचे पैसे वेगळे द्यावे लागतात आणि स्वतःही उपचार घेऊन पाहावेत असा आग्रह असतो, ज्याचे एका सत्राचे हजार-दीड हजार रुपये सहज होतात. आईवडिलांच्या पैशावर पंचविशीनंतरही शिकता येणाऱ्यांसाठीच ही व्यवस्था बेतलेली आहे. शिष्यवृत्ती मंजूर असली तरी ती हातात पडायला वेळ लागतो, आणि तोपर्यंतचे घरभाडे थांबत नाही.

त्यातच नवीन शैक्षणिक धोरणानंतर एम.फिल., म्हणजे आमच्या क्षेत्रातल्या प्रशिक्षणाची पदवी, बंद करण्याचे ठरले. डिसेंबर २०२३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने एम.फिल.ला प्रवेश घेऊ नका असे जाहीर केले आणि जानेवारी २०२४ मध्ये चिकित्सालयीन मानसशास्त्र आणि आमचा विषय यांच्यापुरती २०२५-२६ पर्यंत मुदत वाढवली. शहरातल्या विद्यार्थ्यांना अशा वेळी सल्ला द्यायला कोणीतरी असते. गोंदिया-भंडाऱ्याकडच्या मुली मला फोन करून विचारत होत्या की भरलेले शुल्क बुडणार का.

रोखठोक

पैशाचा मुद्दा मान्य. ही अडचण तर कोणत्याही जातीच्या गरीब मुलाला येईल. मग सरळ आर्थिक निकषावर मदत करा, त्यात जात आणायची काय गरज?

सातपुडा

रोखठोक दादा, पैशाची मदत सगळ्याच गरिबांना मिळावी, त्याला माझा विरोध कशाला असेल? पण काही गोष्टी पैसे असूनही घडतात. एम्समधील अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांच्या तक्रारी तपासण्यासाठी २००६ मध्ये सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. वसतिगृहात आणि जेवणाच्या टेबलावर वेगळे पाडणे, शिक्षकांनी वेळ न देणे, परीक्षेत वेगळी वागणूक, हे सगळे तिच्या २००७ च्या अहवालात आहे. ती मुले देशातल्या सर्वात अवघड प्रवेश परीक्षांपैकी एक पार करून आलेली होती. मुंबईत २२ मे २०१९ रोजी डॉ. पायल तडवी यांनी आत्महत्या केली. त्या स्त्रीरोगशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थिनी होत्या, तडवी भिल्ल समाजातल्या, आणि जातीवरून छळ झाल्याचा आरोप त्यांच्या कुटुंबाने केला. त्या प्रकरणाचा निवाडा न्यायालय करील. मी एवढेच म्हणतो की त्या वेळी आमच्यासारख्या घरांतल्या आईबापांनी आपापल्या मुलांना फोन करून काय विचारले असेल, याची कल्पना करा.

आणि आमच्या शाखेत एक विचित्र गोष्ट आहे. रुग्णाची सामाजिक-आर्थिक स्थिती नोंदवायला आम्ही कुप्पुस्वामी श्रेणी वापरतो. ती शिक्षण, व्यवसाय आणि उत्पन्न मोजते. तेवढे लिहिले की सामाजिक बाजू संपली असे समजून आम्ही पुढे जातो. जातीमुळे होणाऱ्या अपमानाचा आजाराशी संबंध असू शकतो, असे केस मांडताना म्हटले की ‘तू हे फार वैयक्तिक घेतोस’ असे ऐकावे लागते. तोच मुद्दा एखाद्या परदेशी निबंधातला वंशभेदाचा दाखला देऊन मांडला की चर्चा रंगते.

कोरांटी

सातपुड्याच्या शेवटच्या वाक्यावर मी खूप वेळ थांबले. माझा अनुभव वेगळ्या कारणाने तसाच आहे. मी समलैंगिक स्त्री आहे आणि चिकित्सालयीन मानसशास्त्राचे प्रशिक्षण घेत आहे. संस्थेचे नाव लिहिणार नाही.

कागदावर गेल्या काही वर्षांत पुष्कळ बदलले. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ बाबत निकाल दिला आणि प्रौढांचे संमतीचे समलैंगिक संबंध गुन्हा राहिले नाहीत. त्याच्या आधीच भारतीय मनोविकार संघटनेने समलैंगिकता हा आजार नाही अशी भूमिका जाहीर केली होती. जून २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांनी लैंगिक कल बदलण्याच्या तथाकथित उपचारांना मनाई केली, आणि विशेष म्हणजे निकाल देण्यापूर्वी हा विषय समजून घेण्यासाठी ते स्वतः एका मानसशास्त्रज्ञाकडे जाऊन बसले. त्यानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने पाठ्यपुस्तकांतला अपमानकारक मजकूर काढण्याविषयी कळवले आणि २०२२ मध्ये असे उपचार करणे हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. तरीही २०२४ च्या ऑगस्टमध्ये न्यायवैद्यकशास्त्राच्या नव्या अभ्यासक्रमात स्त्री-समलैंगिकता पुन्हा अनैसर्गिक गुन्ह्यांच्या यादीत आली आणि ओरड झाल्यावर काही दिवसांत मागे घेतली गेली. ते कोणी आणि का घातले असेल, याचा विचार करताना मला रागापेक्षा थकवा जास्त येतो.

पर्यवेक्षणाच्या खोलीत हे कायदे आणि परिपत्रके येत नाहीत. लग्नाला तयार व्हावी म्हणून घरच्यांनी आमच्याकडे आणलेल्या एका समलैंगिक मुलीची केस मला एकदा मिळाली. पर्यवेक्षकांनी तिला वाईट वागवले नाही. ‘आईवडिलांचेही ऐकून घे, मधला मार्ग निघतो का पाहा’ असे त्यांनी सुचवले. मधला मार्ग का नाही हे मला आतून माहीत होते, पण ते कसे माहीत आहे हे सांगायचे तर स्वतःविषयी सांगावे लागले असते, आणि वर्षअखेरीचे मूल्यांकन त्यांच्याच हातात होते. मी पुस्तकातले संदर्भ शोधून काढले आणि त्यांच्या आधाराने बोलले. काम झाले. पण माझ्या प्रशिक्षणातला तो सर्वात शिकण्यासारखा क्षण मी एकटीने घालवला. मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्ह या संस्थेचा क्विअर-पूरक, म्हणजे लैंगिक अल्पसंख्याकांना समजून घेणाऱ्या, समुपदेशनाचा अभ्यासक्रम पुढे केला तेव्हा त्याविषयी पहिल्यांदा मोकळेपणाने बोलता आले. तो शिकवणाऱ्यांत स्वतः क्विअर असलेले लोक होते आणि तेथे मला कोणी गुण देणार नव्हते.

पिंपळपार

कोरांटी, आपण लिहिलेत त्याबद्दल आभारी आहे. मी मघाशी जे मोघमपणे मांडले ते आपल्या अनुभवात नेमके दिसते. पर्यवेक्षक भला माणूस असूनही अडचण राहिली, हे मला महत्त्वाचे वाटते. सहसा आपण वाईट पर्यवेक्षक शोधून त्याला संवेदनशीलतेची कार्यशाळा करायला पाठवतो. येथे दोष ऐकणे आणि गुण देणे एकाच व्यक्तीकडे ठेवण्याच्या रचनेत आहे, आणि चांगल्या स्वभावाने तो भरून निघत नाही.

स्पर्शलिपी

मी पूर्णतः दृष्टिहीन आहे आणि मानसशास्त्रात एम.ए. केले आहे. पुढच्या प्रशिक्षणासाठी चौकशी केली तेव्हा एका संस्थेत मला विचारण्यात आले की रॉर्शाकची शाईच्या डागांची चित्रे आपण रुग्णाला कशी दाखवणार. प्रश्न चुकीचा नाही. चित्रांवर आधारलेल्या चाचण्यांसाठी मला सहायक लागेल. पण अभ्यासक्रमात चाचण्यांखेरीज मुलाखत, निदान, मानसोपचार, कुटुंबाचे समुपदेशन इतके सारे आहे, आणि बोलताना कोणी कोठे अडखळले, कोठे श्वास रोखला, हे मला अनेकांपेक्षा लवकर कळते. त्याविषयी कोणी विचारले नाही.

अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६ नुसार सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान पाच टक्के जागा राखीव आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये ओंकार गोंड या विद्यार्थ्याच्या एम.बी.बी.एस. प्रवेशाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे सांगितले की अपंगत्वाची टक्केवारी अमुक इतकी भरली एवढ्यावरून कोणाला अपात्र ठरवता येणार नाही, तो अभ्यासक्रम पूर्ण करू शकेल का याचा विचार मूल्यांकन मंडळाने केला पाहिजे. तो निकाल वैद्यकीय प्रवेशाचा असला तरी त्यातली दृष्टी आमच्या क्षेत्रालाही हवी. चिकित्सालयीन मानसशास्त्राचे अभ्यासक्रम ज्या भारतीय पुनर्वास परिषदेच्या मान्यतेने चालतात, ती अपंगांच्या पुनर्वसनासाठीच उभी राहिली आहे. तिच्या मान्यतेच्या वर्गात अपंग विद्यार्थी किती बसतात, हे कोणीतरी मोजून जाहीर करावे.

याच कायद्याने मानसिक आजारही अपंगत्वाच्या यादीत घातला आहे. स्वतः मानसिक आजारातून गेलेला प्रशिक्षणार्थी ते कधी सांगतो का? माझ्या ओळखीत दोघे आहेत आणि दोघांनीही फॉर्मवर ‘नाही’ लिहिले.

मांडवी

गोव्याहून लिहिते. बांबोळीच्या मनोविकार संस्थेत आमच्याकडचे निवासी डॉक्टर घडतात. पण मी ज्या कामाशी जोडलेली आहे ते दुसऱ्या टोकाचे आहे. संगत ही संस्था येथे १९९६ मध्ये सुरू झाली आणि तिने मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्य आणि दारूच्या समस्येवरचे समुपदेशन करायला तयार केले. नैराश्यासाठी सहा ते आठ बैठकांचा उपचार त्यांच्याकडून करवून घेतला, त्याची रीतसर चाचणी झाली आणि निष्कर्ष २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. उपयोग होतो हे त्यातून दिसले.

या धाग्याशी संबंध असा की तेथे पर्यवेक्षणात हळूहळू समुपदेशकच एकमेकांच्या बैठकांचे ध्वनिमुद्रण ऐकून अभिप्राय देऊ लागले, आणि त्यांचे मूल्यमापन तज्ज्ञांच्या मूल्यमापनाशी बऱ्यापैकी जुळते का हेही तपासले गेले. कोंकणीत झालेली बैठक कोंकणी जाणणाऱ्यानेच ऐकली. वरचा आणि खालचा असा भेद पूर्ण गेला नाही, पण एकटा साहेब ऐकतो आणि बाकीचे घाबरतात, असे राहिले नाही. मोठ्या संस्थांना हे करायला काय हरकत आहे ते मला समजत नाही. एक शंका मात्र मनात राहते. स्थानिक, कमी शिकलेल्या, बहुजन स्त्रियांना आपण समुदायातल्या समुपदेशक करतो, आणि तज्ज्ञ, संशोधक, पर्यवेक्षक या खुर्च्या पुन्हा त्याच घरांत राहतात. वरच्या पायरीवर जाण्याची वाट त्यांना मिळणार नसेल तर याला समावेशन म्हणावे का?

रोखठोक

मांडवीताई, हे मला माहीत नव्हते. आमच्या गावच्या आरोग्य केंद्रात असे कोणी असते तर भावाला पुण्यापर्यंत न्यावे लागले नसते, किंवा त्याला तेथे न्यायला हवे हे तरी आधी कळले असते.

टेम्सकाठी

मी मूळचा कोल्हापूरचा, इंग्लंडमध्ये मनोविकारतज्ज्ञ आहे. येथील दोन गोष्टी सांगतो, कारण त्या वरच्या दोन मुद्द्यांशी थेट जुळतात.

वैनगंगा यांनी पैशाविषयी लिहिले आहे. येथे चिकित्सालयीन मानसशास्त्राच्या डॉक्टरेटच्या प्रशिक्षणार्थींना राष्ट्रीय आरोग्य सेवेकडून पगार मिळतो. तरीही ते वर्ग वर्षानुवर्षे बहुतांशी गोऱ्या, मध्यमवर्गीय मुलींचे राहिले. कारण प्रवेशाच्या आधी अनुभव दाखवावा लागतो आणि तो मिळवण्यासाठी पुष्कळ जण मानद, म्हणजे बिनपगारी, सहायकाचे काम करत. ते परवडणारेच पुढे जात. अभ्यासक्रमाला पगार दिला तेव्हा चाळणी एक पायरी मागे सरकली. आपल्याकडे नवे अभ्यासक्रम येत आहेत, त्यांत ‘आधीचा अनुभव असल्यास प्राधान्य’ असे निरुपद्रवी दिसणारे वाक्य शिरू देऊ नका.

दुसरी गोष्ट ऐकणे आणि गुण देणे वेगळे करण्याची. येथे मनोविकारशास्त्राच्या सुरुवातीच्या वर्षांत प्रत्येक निवासी डॉक्टरला बालिंट पद्धतीच्या गटात बसावे लागते. दर आठवड्याला सात-आठ जण जमतात, एक जण कागद न वाचता एका रुग्णाविषयी बोलतो आणि बाकीचे त्या नात्याचा विचार करतात. परदेशातून आलेला मी पहिल्यांदा माझ्या उच्चारांवरून रुग्णाने केलेल्या टोमण्याविषयी बोललो तो तेथेच. पण हेही सांगायला हवे की गट चालवणारा शेवटी आमचा मूल्यांकनाचा फॉर्म भरतोच. त्यामुळे आमच्यातले अनेक जण, विशेषतः बाहेरून आलेले, तेथेही सुरक्षित तेवढेच बोलत. पद्धत उचलताना तो फॉर्म तेवढा इंग्लंडातच राहू द्यावा.

वैनगंगा

कल्पना चांगली आहे, पण विदर्भात राबवायची कशी? सरकारची जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये चार, येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. त्यांतले एकही मराठवाड्यात किंवा खानदेशात नाही. जिल्ह्याजिल्ह्यांत नवी वैद्यकीय महाविद्यालये निघाली आहेत, तेथे मनोविकारशास्त्र विभागात मोजके शिक्षक असतात. तेच ओपीडी पाहतात, तेच शिकवतात, तेच प्रबंधाचे मार्गदर्शक असतात. गुण न देणारा वेगळा माणूस आणायचा कोठून?

पिंपळपार

अदलाबदल करता येईल असे वाटते, आणि या चर्चेतून आपण मागण्यांचे पत्र पाठवू त्यात ही पहिली मागणी असावी. एका महाविद्यालयातल्या शिक्षकाने दुसऱ्या महाविद्यालयातल्या प्रशिक्षणार्थींचा गट ऑनलाइन चालवायचा आणि दुसऱ्याने पहिल्याचा. दोन आठवड्यांतून एक तास पुरे. पैसा लागत नाही, वेळापत्रकात ती जागा मात्र अधिकृतपणे राखावी लागेल, नाहीतर पहिल्या इमर्जन्सीला ती जाईल. गटातले बोलणे लिहून ठेवायचे नाही. रुग्णाच्या जिवाला धोका असेल तर तेवढ्यापुरता अपवाद, आणि तो अपवाद पहिल्याच दिवशी सर्वांना सांगून ठेवायचा. मांडवींनी सांगितलेले एकमेकांचे ध्वनिमुद्रण ऐकणे रुग्णाच्या लेखी संमतीने आणि वेगळ्या तासाला करावे, कारण तेथे कौशल्य तपासायचे असते आणि येथे बोलायचे असते.

सातपुड्याच्या दुभाष्याच्या कामाला लॉगबुकात रकाना द्यावा आणि त्या केसवर त्याचे स्वतःचे मत लिहून घेणे सक्तीचे करावे, ही दुसरी मागणी. स्पर्शलिपींनी सुचवलेली मोजणी ही तिसरी. विद्यावेतनाची मागणी मोठी आहे आणि ती वेगळ्या पत्रात जावी असे मला वाटते. एकत्र केली तर पैशाचे कारण दाखवून बाकीच्याही गोष्टी बाजूला पडतील.

वैनगंगा

विद्यावेतन वेगळे काढण्याला माझा विरोध नोंदवून ठेवते. ज्यांना घरी परत जावे लागते त्यांना बोलण्याची सुरक्षित जागा देऊन काय उपयोग? दोन्ही पत्रे एकाच दिवशी जाणार असतील तर मात्र मसुदा मी लिहिते.

पिंपळपार

एकाच दिवशी पाठवू. मान्य.

सातपुडा

अदलाबदलीत एक अडचण आहे. राज्यातली बहुतेक वैद्यकीय महाविद्यालये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. आज जे दुसऱ्या महाविद्यालयातून आमचे ऐकून घेतील, तेच तिसऱ्या वर्षी आमच्या प्रात्यक्षिक परीक्षेला परीक्षक म्हणून समोर बसू शकतात. आमच्यासारख्यांच्या हे पहिल्या बैठकीतच लक्षात येईल आणि मग कोणी बोलणार नाही.

कोरांटी

मानसशास्त्रात तर वर्तुळ आणखी लहान आहे. आज परीक्षक, उद्या नोकरीच्या मुलाखतीच्या मंडळावर.

पिंपळपार

परीक्षकाचा प्रश्न सोडवता येईल. ज्याने ज्या तुकडीचा गट चालवला, त्याला त्या तुकडीच्या परीक्षेवर नेमू नये, आणि गट चालवणाऱ्यांची यादी दरवर्षी विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे आधीच जावी, एवढी ओळ मसुद्यात घातली आहे. मुलाखतीच्या मंडळांवर आपला काही अधिकार चालत नाही. त्यासाठी गट चालवणारे शक्य तेथे दुसऱ्या शाखेतले घ्यावेत, म्हणजे मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी समाजकार्यातले आणि निवासी डॉक्टरांसाठी मानसशास्त्रातले, असे सुचवतो. मसुदा येत्या रविवारी येथेच चिकटवतो. ज्यांना सही करायची आहे पण संस्थेत नाव उघड करायचे नाही, त्यांनी सही करू नये, सूचना तेवढ्या निरोपातून पाठवाव्यात.